मागच्या खोलीला चुन्याचा हात

१३ ऑक्टोबर

विसरलीस ना? काल दुपारभर तुला मांडीवर घेऊन बोलले. माझं लग्न, नचिकेतचं बारसं, दिल्लीची पहिली थंडी — सगळं सांगितलं. आज शाळेतून आल्यावर स्वरूपाला म्हटलं, वाच गं, काल काय काय झालं ते. तिनं उघडलं, तर पान कोरं! वर मलाच म्हणते, "आई, लिहिल्याशिवाय वहीत कसं राहील?" मग वहीत आणि माझ्या धाकट्या जावेत फरक काय? तिलाही ऐकलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नसे.

तर आजपासून लिहिणार स्वरूपा. मला अक्षर येत नाही. त्याची लाज होती, ती कधीच वाळून गेली. नियम एकच. लिहायला बसली की ती माझी सून नाही, शाळेतली केमिस्ट्रीची मॅडमही नाही. ती पेन. पेनानं मध्ये बोलायचं नाही.

(आत्ता हसली. पेन हसत नाही!)

वही नातवाची, नचिकेतची. तो आता हैदराबादला नोकरीला. शाळेतली प्रॅक्टिकलची वही अर्धीच भरली होती. एका बाजूला रेघा, एक बाजू साधी. पुढच्या साध्या पानांवर त्यानं प्रयोगातल्या ज्योती रंगवून ठेवल्यात — विटकरी, लालभडक, पोपटी. त्याचं बरं आठवतं गं तुला!

आजचं एवढंच, की फरीदाबादच्या पाण्यावर माझा राग आहे. नळाच्या तोंडाला पांढरी खरपुडी, बादलीला पांढरी किनार, गीझर तर आतून दगड झालाय. स्वरूपा म्हणते पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फार. साबणाला फेस येत नाही, डाळ मऊ होत नाही. आणि डाळ वरणात उतरत नाही, नुसतं पाणी येतं, म्हणून घास अडकतो.

१४ ऑक्टोबर

आज भातही अडकला. मऊ, गुरगुट्या भात. पाणी प्यायले, मान डावीकडे वळवली, मग गेला. कुणाला सांगितलं नाही.

अरे देवा. आता पेनाला कळलं.

१७ ऑक्टोबर

पेनानं जयंतला सांगितलं. म्हणजे पेन फितूर. जयंत माझा मुलगा, दिल्लीला सरकारी ऑफिसात आहे. कुठलंही काम फायलीसारखं करतो — आधी बसून राहायचं, मग एकदम अर्जंट. आज मला अर्जंट दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण. दाढी छान ठेवलेली. "माताजी, कब से अटक रहा है?" मी म्हटलं, गणपतीपासून. स्वरूपा म्हणाली, "नहीं डॉक्टर साहब, गर्मियों से।" मी बघतच राहिले. हिला कसं माहीत?

"पान खाती हैं?" खाते की. तंबाखू नाही. पान, सुपारी, कात, चुना. डॉक्टरनं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. डॉक्टर बोलत असेपर्यंत ठीक असतं.

बेरियम प्यायचं, म्हणाला. पांढरं औषध. ते घशातून उतरताना यंत्रातून बघायचं — कुठे अडतं, कुठे वळतं.

आता उगाच लपवत नाही. माझी थोरली बहीण सुमित्रा. तिचाही आधी भातच अडकला होता. मग गाठ निघाली. नाकात नळी, हाताला सुया, हिरव्या पडद्याआड एकटी. शेवटी तिला फक्त पेजेचा वास हवा होता. तो कुणी देईना. म्हणे, हॉस्पिटलात बाहेरचं चालत नाही.

मला तसं नको. एवढंच.

१८ ऑक्टोबर

झोप लागली नाही म्हणून सकाळीच स्वरूपाला विचारलं, हा बेरियम कोण? तिनं भिंतीवरचा शाळेचा मूलद्रव्यांचा तक्ता दाखवला. दुसऱ्या उभ्या ओळीत सहा भावंडं, एकाखाली एक. मी नावं पाठ केली. मला अक्षर येत नाही, नाती येतात.

थोरला बेरिलियम. अंगानं हलका, पण पाचूच्या खड्यात जाऊन बसलेला. थोरले असेच. मग मॅग्नेशियम. पेटवलं की डोळे दिपवतं, झाडाच्या हिरव्या पानात असतं, आणि पोट साफ करायच्या पांढऱ्या औषधातही. तिसरा कॅल्शियम — हा तर घरचाच! हाडं, दात, दूध, खडू आणि माझा चुना. चौथा स्ट्रॉन्शियम, नाव घेताना माझी कवळी हलते; जळताना लालभडक. पाचवा बेरियम, जळताना पोपटी. ह्या दोघांमुळेच फटाक्यांना रंग. शेवटचा रेडियम, तो अंधारात घड्याळाचे काटे चमकवायचा, पण अंगाला वाईट म्हणून त्याला घरातून काढला. मी म्हटलं, काढला कुठे? गाड्यांच्या मागे चिकटवतात की रेडियम! "आई, ते नुसतं नाव राहिलंय. तो नाही त्यात." बघा. माणूस गेला, नाव चिकटून राहिलं.

"हे सगळे एकेकटे कधी सापडत नाहीत," स्वरूपा म्हणाली. "कुणाला तरी धरूनच असतात." मला ते आवडलं.

मग घाबरत घाबरत म्हणाली, बेरियम तसा विषारी. पण दवाखान्यात देतात तो सल्फेटच्या जोडीनं असतो. तो पाण्यात विरघळत नाही, पोटात विरघळत नाही. आत जातो, वाट दाखवतो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो.

म्हणजे शहाण्या जावयासारखा. यावं, काम करावं, घरात मुरू नये.

२० ऑक्टोबर

दिवाळी. दारात स्वरूपानं रांगोळी काढली. माझं बोट धरून एक ठिपका माझ्याकडूनही घेतला. गुडघे वाकत नाहीत, पण बोट अजून चालतं.

गच्चीवर खुर्ची टाकून दिली. धुरानं डोळे चुरचुरले तरी बसले. लाल बाण फुटला की मी म्हणायची, चौथा! पोपटी फुटला की — पाचवा! शेजारची पंजाबीण विचारते, "आंटीजी, क्या गिन रहे हो?" म्हटलं, देवर-जेठ!

पोपटी फार सुंदर दिसला. हा माझ्या घशातून जाणार.

चिवडा कुस्करून दिला होता. करंजीचं सारण नुसतं, वाटीत. मला वाटलं मीच म्हटलं होतं तसं. नव्हतं म्हटलं.

२७ ऑक्टोबर

आज काय झालं ते सांगते, पण हसायचं नाही.

दवाखान्यातून बजावलं होतं — रात्रीपासून काही खायचं नाही, प्यायचं नाही. मी आदल्या दिवशी लवकर जेवले. सकाळी चहासुद्धा नाही! पाण्याचा घोटही नाही. आषाढीला इतकी कडक राहिले नाही कधी. सगळं आवरून गाडीत बसायच्या आधी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. स्वरूपानं नेहमीप्रमाणे डबी दिली. मी पानाला चुना लावला, सुपारीचं खांड ठेवलं, तोंडात धरलं. निघालो.

यंत्रावरचा मुलगा म्हणाला, "माताजी, मुँह खोलिए।" उघडलं. लालेलाल!

"ये क्या है?"

"पान."

"आपने कहा कुछ नहीं खाया!"

"नहीं खाया. पान है."

आता त्याला कसं समजवायचं? पान हे काय अन्न आहे? पान म्हणजे जेवण संपल्याची खूण. मी तर संपल्याचा शिक्का तोंडात घेऊन आले होते! त्यानं सांगितलं, सुपारीचा एक तुकडा घशात राहिला तरी फोटोत गाठीसारखा दिसेल. परत जा, दहा दिवसांनी या.

जयंतची अर्धी रजा गेली. परतताना बदरपूर नाक्यापर्यंत नुसता हॉर्न वाजवत होता. मग स्वरूपाकडे वळून म्हणतो, "तू तरी! सायन्स टीचर ना तू?" ती बिचारी म्हणाली, "माझ्या डोक्यातच आलं नाही. आईंचं पान म्हणजे... आईंचा चष्मा दिल्यासारखं झालं मला."

ह्यावर मला इतकं हसू आलं की ठसका लागला. मग जयंतही हसला. गाडीत तिघंही.

पण दहा दिवस. आणखी दहा दिवस ते डोक्यात घेऊन बसायचं.

३० ऑक्टोबर

आज पेनाला कठीण जाईल. तरी लिहायचं. नियम आहे.

दापोलीजवळ माझ्या भावाचं, तात्यारावाचं घर आहे. दुपारी त्याच्या बायकोशी, राधावहिनीशी फोनवर बोलले. म्हटलं, वहिनी, तुझ्या मागच्या खोलीला चुन्याचा हात मारून ठेव. ती म्हणाली, का गं, मे महिना तर लांब आहे. म्हटलं, मे महिन्याचं नाही. फोटोत तसलं काही निघालं तर मी इथे नळ्या लावून घेणार नाही. तुझ्याकडे येऊन पडेन. त्या खोलीला खिडकी आहे, खिडकीतून नाचणीचं शेत दिसतं. आणि पेजेचा वास येतो.

चुनाच लाव, म्हटलं. डब्यातला रंग नको. आम्ही लहान होतो तेव्हा शिंपल्या भाजून चुना करायचे. कळीचा चुना पाण्यात टाकला की विस्तवाशिवाय पाणी खदखदायचं. सुमित्रा आणि मी लांब उभ्या राहून बघायचो. भिंतीला लावताना पाणचट दिसतो, वाळला की पांढराफटक. स्वरूपा सांगते तो हवा पिऊन पुन्हा दगड होतो. म्हणजे शिंपला परत शिंपला होतो. असं जाणं मला चालेल.

जयंतला हे सांगायचं धाडस नाही. म्हणून वहीला सांगितलं.

पेन थांबलं. विचारलं, शाई संपली का? नाही म्हणाली. मग म्हणाली, "आई, भाजी गॅसवर आहे," आणि आत गेली.

(आता परत आली आहे. आज भाजी नव्हतीच. पिठलं होतं. आतून बराच वेळ फोनवर बोलल्याचा आवाज येत होता. जयंतला सांगितलं असणार. फितूर!)

२ नोव्हेंबर

जयंत काहीच बोलला नाही. नेहमीसारखाच आला, मोजे कुठेही टाकले. म्हणजे त्याला नाही सांगितलं. मग कुणाशी बोलत होती?

विचारणार नाही. पेनाला प्रश्न विचारत नाहीत.

४ नोव्हेंबर

स्वरूपा शाळेत गेल्यावर स्वयंपाकघरात चहाचं गाळणं शोधत होते. ओट्याखाली पाण्याचा मोठा जार. विकतचा. बाजूला बारीक जाळीची गाळणी, दोन पातेली. आमच्याकडे काम करणाऱ्या कौशल्येला विचारलं, ये किसका पानी? ती म्हणाली, "आपकी दाल का, अम्माजी. भाभी आपकी दाल अलग बनाती हैं. नल के पानी में पकती नहीं ना. फिर छानती हैं. गर्मी से कर रही हैं."

उन्हाळ्यापासून.

मी तिथेच स्टुलावर बसले. इतके महिने मी ताटात वरण बघून नावं ठेवत होते — हिची डाळ म्हणजे पाणी! हिच्या माहेरी वरणात डाळ शोधायला दिवा लावतात! आणि ही ऐकून घेऊन गाळत होती. घास माझ्या गळ्यात अडकायच्या आधी हिच्या लक्षात आला होता.

सासूनं सुनेचे आभार मानायची आमच्यात रीत नाही. वहीचे मानते. वही, तुझे फार उपकार आहेत. उन्हाळ्यापासूनचे.

(पेनानं नाक पुसलं. थंडी वाढलीय फरीदाबादला.)

६ नोव्हेंबर

झालं! पान नाही, डबी नाही. जयंतनं गाडीत बसायच्या आधी माझं तोंड उघडून बघितलं. लहानपणी मी त्याचं बघायची, माती खाल्लीस का म्हणून.

बेरियम म्हणजे काय सांगू? भिंतीचा रंग स्ट्रॉबेरीच्या वासानं दिला तर कसा लागेल, तसा. जड. पेला हातात घेतला तर दुधाचा वाटेना, दगडाचा वाटला. "मुँह में रखिए... रुकिए... अब निगलिए!" यंत्रापुढे उभं राहून माणूस गिळायचंच विसरतो.

पडदा माझ्याकडे वळवला होता. मी बघितलं! पांढरं प्यायले आणि पडद्यावर काळं दिसतं. मागे मणक्यांची माळ — ती माझी हाडं, म्हणजे कॅल्शियम. पुढून काळी धार उतरत होती, म्हणजे बेरियम. दोघं भाऊ माझ्या गळ्यात समोरासमोर भेटले. इतकी वर्षं मी त्या तिसऱ्याला पोसलं, पहिल्यांदा तोंड बघितलं. वाकलाय बिचारा. पण उभा आहे.

धार उतरली. थोडी मात्र बाजूला वळली आणि तिथेच थांबली. यंत्रावरच्या मुलानं दुसऱ्याला बोलावलं. दोघं पडद्याकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडांकडे.

काय आहे ते डॉक्टर सांगेल, म्हणाले.

७ नोव्हेंबर

हे लिहायचं की नाही? लिही. सकाळी जे झालं ते पांढरं! चुना काढला सगळा. बेरियम आत अडून बसू नये म्हणून ते पांढरं, पोट साफ करायचं औषध दिलं होतं — मॅग्नेशियमचं. म्हणजे पाचव्याला बाहेर काढायला दुसरा गेला. हट्टी धाकट्याला थोरल्यानंच कान धरून आणावं लागतं.

८ नोव्हेंबर

राधावहिनीचा निरोप. चुना लावून झाला. खोली लख्ख दिसते म्हणाली.

१४ नोव्हेंबर

डॉक्टरनं दुर्बीण घालूनही बघितलं. आज बोलावलं. जयंत माझा हात धरून बसला होता.

"माताजी, गाँठ नहीं है।"

पुढचं मला थोडा वेळ ऐकूच आलं नाही. मग त्यानं कागदावर काढून दाखवलं. घशाची भिंत एका जागी सैल पडून बाहेर फुगलीय. तिथे पिशवी झालीय. अन्न वाट चुकून त्यात जाऊन बसतं. "जेब समझ लीजिए।"

खिसा! बाई, जन्मभर मी खिशासाठी रडले. पुरुषांच्या सदऱ्याला तीन-तीन, आम्हाला कमरेला खोचा नाहीतर पदराला बांधा. शेवटी देवानं दिला, तोही गळ्यात! आणि मी त्यात भात साठवला.

तोंडातूनच यंत्र घालून खिशाची भिंत कापून शिवता येते म्हणाला. बाहेरून चीर नाही. नळ्या? "एक-दो दिन, बस।" पडद्याआड एकटी? "बहू साथ रह सकती हैं।"

पण सुपारी बंद. एकदम. गाठ निघाली नाही, आता पान-सुपारी देऊन तिला आमंत्रण देऊ नका, असं त्यानं मराठीत नाही, पण मराठी माणसाच्या चेहऱ्यानं सांगितलं.

घरी येऊन चुन्याची डबी चिंच लावून घासली. पितळेची, माझ्या आईची. आता तिच्यात कुंकू. स्वरूपा म्हणाली, "आई, दूध जास्त घ्या, नाचणी खा. चुना नसला तरी कॅल्शियम लागेलच." म्हटलं, नाचणी तुझ्या दिल्लीत मिळते ती भुशासारखी.

सुमित्रा, तुझ्या वेळी असं कुणी बघितलं असतं तर! तुझ्यासाठी आज देवापाशी पेज ठेवली. वास दरवळला घरभर.

२७ नोव्हेंबर

आई आज बोलणार नाहीत. मनाई आहे. शिवून झालं, सगळं नीट झालं. खुणेनं विचारतायत, पेन का बोलतंय. एकच ओळ बोलले, आई. आता गप्प.

५ डिसेंबर

मी गप्प बसले की पेन बडबडतं! सगळं वाचून घेतलं मी. बरं लिहिलंय.

आज गुरगुट्या भात, तूप, मीठ. मान वळवली नाही. पाणी लागलं नाही. सरळ गेला, सरकारी रस्त्यावरून गेल्यासारखा. जयंत समोर बसून बघत होता. बघता बघता त्याचाच घास अडकला.

२१ डिसेंबर

राधावहिनीचा फोन. "अगं, त्या खोलीचं काय करू? दोन खाटा टाकून बसलेय कधीची." म्हटलं, दोन कशाला? मी काय आडवी-उभी झोपते? "तुझ्या सुनेनंच सांगितलं. तू फोन केलास त्याच संध्याकाळी तिचा आला. म्हणाली, 'मामी, चुना लावाच. पण खाट एक नको, दोन टाका. शाळेत बिनपगारी रजा सांगून ठेवतेय. आईंचं लिहायला कुणीतरी लागेल ना तिथे.'"

पेना, थांबू नकोस. भाजी गॅसवर नाही. लिही —

राधावहिनी, खाटा उचल. खोलीत नाचणी भर. आणि त्यातलीच दळून पापड पाठव. जाड लाट, कच्चेच पाठव. भाजायला आम्ही दोघी आहोत. आणि थोडे जास्तच पाठव — मोडताना आवाज झाला पाहिजे, शेजारच्या पंजाबिणीपर्यंत.